खरं सांगून गेले, ठरल्या दिवशी परत आले

"मग, कॅनडाला कधी?" लग्नाच्या पंगतीत सुरू झालेला हा प्रश्न दीड वर्ष झालं तरी संपलेला नव्हता. वाण्याच्या दुकानात, शाळेच्या स्टाफरूममध्ये, हळदीकुंकवाला, सगळीकडे तोच. आणि माझंही तेच उत्तर : "कागद आले की."

हे टोरांटोजवळ ब्रॅम्प्टनला असतात. लग्नाआधीच त्यांना तिथला कायम रहिवासाचा परवाना मिळाला होता. लग्न झाल्यावर त्यांनी मला स्पॉन्सर केलं. म्हणजे 'पत्नीच्या खर्चाची तीन वर्षं जबाबदारी माझी' असं तिथल्या सरकारला लिहून दिलं. लग्नाचा दाखला, फोटो, एकमेकांना केलेल्या फोनच्या नोंदी, सारं काही गेलं. मग उरलं वाट पाहणं. रोज रात्री साडेनऊला फोन यायचा. तिकडे उन्हाळ्यात तेव्हा दुपारचे बारा वाजलेले असतात. 'जेवलीस का?' आणि 'डबा खाल्लात का?' एवढ्यावरच संसार चाललेला.

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली तसं मनात आलं, सहा आठवडे नुसतं भेटून यावं. चौकशी केली तर एक एजंट म्हणाला, "बाई, स्पॉन्सरचा अर्ज पडलाय हे लिहूच नका. राहायलाच निघालीय म्हणतील. नुसतं फिरायला जातेय असं लिहा." फॉर्ममध्ये 'यापूर्वी कॅनडासाठी अर्ज केला आहे का?' असा सरळ प्रश्न होता. त्यापुढे त्यानं 'नाही' भरूनही टाकलं होतं. राहिली होती ती माझी सही.

तो कागद घेऊन घरी आले. सासूबाई लसूण सोलत होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "लपवायला तू काय चोरी केलीस? नवऱ्याला भेटायला तर चाललीस!"

त्या रात्री आम्ही दोघांनी फोनवर बसून नियम वाचले. कॅनडाच्या 2001 सालच्या इमिग्रेशन कायद्याच्या बाविसाव्या कलमात स्पष्ट लिहिलं आहे, की पुढे कायमचं राहायचा इरादा असला तरी आता पाहुणी म्हणून जायला आडकाठी नाही. मात्र मुदत संपली की ही परत जाईल, अशी अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे. आणि चाळिसावं कलम वाचून तर पोटात गोळाच आला. महत्त्वाची गोष्ट लपवली किंवा खोटी सांगितली, तर पाच वर्षं प्रवेश बंद! सहा आठवड्यांच्या भेटीपायी पाच वर्षांची ताटातूट ओढवून घेणार होते मी.

मग फॉर्म मीच भरला. त्या प्रश्नापुढे 'होय' लिहिलं. सोबत एक साधं पत्र जोडलं : स्पॉन्सरशिपचा अर्ज चालू आहे, निकाल लागेपर्यंत घर इथेच आहे, शाळा उघडायच्या आत परत येईन. मुख्याध्यापिकाबाईंकडून रजेचं आणि कामावर रुजू व्हायच्या तारखेचं पत्र घेतलं. व्हिसा मिळाला.

टोरांटोच्या विमानतळावर अधिकाऱ्यानं विचारलं, "कोणाकडे? किती दिवस?" सांगितलं. अर्ज चालू आहे हेही सांगितलं. बॅगेतलं मेतकूट आणि गोडा मसालाही जाहीर केला. बाहेर हे उभे होते. इतक्या दिवसांनी समोर पाहिलं आणि बोलायला काही सुचेचना!

दिवस भुर्रकन उडाले. जूनमध्ये तिथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो. जेवणं आटोपून आम्ही दोघं चालायला जायचो. शेवटच्या आठवड्यात हे म्हणाले, "पाहुण्यांना सहसा सहा महिने राहता येतं. थांब ना!" खोटं नव्हतं ते. पण शाळेला शब्द दिला होता, घरी सासूबाई एकट्या होत्या. विमानात बसले तेव्हा रडू आवरेना, तरी आपण चुकलो असं काही वाटलं नाही.

माझ्यासारख्या वाट पाहणाऱ्या मैत्रिणींसाठी चार गोष्टी सांगते. व्हिजिटर व्हिसा मिळाला म्हणजे स्पॉन्सरशिपचा अर्ज पुढे सरकला असं नव्हे. दोन्ही फायली वेगळ्या. व्हिसाची फी 100 डॉलर आणि बोटांच्या ठशांची 85. तिकीट मात्र व्हिसा हाती आल्यावरच काढावं. तिथला सरकारी आरोग्य विमा पाहुण्यांना लागू नसतो, तेव्हा प्रवासाचा विमा इथूनच उतरवावा. पाहुणी म्हणून नोकरी करता येत नाही, अगदी ओळखीच्या दुकानातसुद्धा. जास्त राहायचं असेल तर मुदत संपण्याच्या निदान तीस दिवस आधी वाढ मागावी. आणि अर्ज बाहेरून केला आहे की कॅनडात राहून, हे नक्की पाहून ठेवा. बाहेरून केलेल्या अर्जाला जाण्यायेण्यानं धक्का लागत नाही. पण तिथे राहून केला असेल आणि बाहेर पडल्यावर पुन्हा आत घेतलं नाही, तर तो बुडू शकतो.

माझे कागद अजून यायचे आहेत. परवा वाण्यानं पुन्हा विचारलं, "कधी कॅनडाला?" म्हटलं, "जाऊन आले की! आता पुढच्या सुट्टीत."