अमावास्येची रात्र आणि पितरांची वाट

आश्विन अमावास्या म्हटली की लक्ष्मीपूजन आणि दिव्यांच्या ओळी डोळ्यांसमोर उभ्या राहतात. परंतु या रात्रीचे आणखी एक कर्तव्य शास्त्राने सांगितले आहे व बहुतेक घरांना त्याचे विस्मरण झाले आहे. ते म्हणजे उल्कादान. महालयात भूलोकी आलेले पितर या सुमारास स्वस्थानी परततात. त्यांना वाट दिसावी म्हणून चतुर्दशी व अमावास्येच्या प्रदोषकाळी हाती पेटती चूड धरावी, असा हा विधी. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्ये यांनी १७९० मध्ये रचलेल्या ‘धर्मसिंधु’त तो आला आहे.

त्याच मध्यरात्री सूप वाजवीत अलक्ष्मीला घराबाहेर घालवायचे असते. चतुर्दशीस पहाटे कारीट चिरडून यमाला चौदा नावांनी तर्पण करतात. मृत्यूचे स्मरण या सणातच गुंफलेले आहे.

दूरदेशीचा ‘हॅलोवीन’ही असाच. सुगी सरून हिवाळा लागताना मृतांचे आत्मे घरी येतात, अशी आयर्लंड-स्कॉटलंडकडील जुनी समजूत. पुढे ख्रिस्ती धर्माने १ नोव्हेंबर संतांना व २ नोव्हेंबर सर्व मृतात्म्यांना वाहिला. आदली रात्र तोच हॅलोवीन. आयर्लंडात सलगम कोरून दिवे करीत. अमेरिकेत गेल्यावर त्याची जागा भोपळ्याने घेतली. भुताचे सोंग घेण्यामागे दुष्ट शक्तींनी आपल्याला ओळखू नये, हा हेतू सांगतात. २०२४ साली आपली नरकचतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरलाच आली होती!

मात्र एक भेद ध्यानी घ्यावा. आपण हाकलतो ती अलक्ष्मी, म्हणजे दैन्य आणि कलह. पितरांना हाकलीत नाही, त्यांना उजेड दाखवितो. असे असता धर्मापुरीच्या केदारेश्वरासमोर श्रद्धेने हात जोडणाऱ्यानेच घरी आजारी माणसाला ‘अमावास्येची बाधा’ म्हणून मांत्रिकापुढे बसवावे, ही विसंगती होय. अशा अघोरी उपायांना २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याने बंदी आहे. ज्या शास्त्राने या रात्री दीप लावावयास सांगितले, त्याचा आधार भयाला कसा मिळावा? आजाऱ्याला वैद्याकडेच न्यावे.

यंदा लक्ष्मीपूजनापूर्वी, तिन्हीसांजेला, अंगणात एक पणती पितरांसाठी लावावी. मुलांना जवळ बसवून पणजोबा-पणजीची नावे सांगावीत. त्या घरातील मुले अमावास्येच्या अंधाराला भिणार नाहीत.