नोंद समोर, तरी मॅक्रोला सापडेना!

ब्रिटनमध्ये कोरोनाच्या साथीत २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या काळातील १५ हजार ८४१ बाधितांच्या नोंदी अधिकृत आकडेवारीतून गळाल्या. प्रयोगशाळांकडून येणारी माहिती एक्सेलच्या जुन्या स्वरूपातील फायलींत भरली जात होती आणि अशा फायलीत ६५ हजार ५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. उरलेल्या नोंदी मुकाट्याने बाहेर राहिल्या आणि या रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध लांबला.

मुकाट्याने होणारी अशीच चूक दोन याद्यांतील समान नोंदी शोधणाऱ्या मॅक्रोमध्येही दडलेली असते. पगारपत्रक, वर्गणीची वसुली, विद्यार्थ्यांचे गुण अशा कामांसाठी कार्यालयांत हे मॅक्रो सर्रास वापरले जातात. ते बंद पडले तर निदान कळते. चुकीचे उत्तर देत राहिले, तर कोणाला पत्ताही लागत नाही.

आधी माहिती तपासा

डोळ्यांना सारख्या दिसणाऱ्या दोन नोंदी संगणकाच्या लेखी वेगळ्या असू शकतात. एका यादीत १०१ हा क्रमांक संख्या म्हणून आणि दुसरीत मजकूर म्हणून साठवलेला असेल, तर 'मॅच' किंवा 'व्हीलुकअप' यांना तो जुळत नाही. नावापुढे राहिलेली एखादी मोकळी जागाही पुरेशी ठरते. 'ट्रिम'ने ती निघते. मात्र संकेतस्थळावरून उतरवलेल्या मजकुरात येणारी विशिष्ट प्रकारची मोकळी जागा 'ट्रिम'लाही दाद देत नाही. अशा वेळी 'लेन' वापरून दोन्ही नोंदींतील अक्षरे मोजली की फरक उघड होतो.

मागील शोधाची छाया

'फाइंड' ही आज्ञा मागच्या शोधाच्या काही अटी लक्षात ठेवते. कोणी आधी हाताने शोध घेताना 'संपूर्ण चौकट जुळावी' ही अट काढली असेल, तर १०१ शोधणारा मॅक्रो २१०१ वरही थांबतो. त्यामुळे काल बरोबर चाललेला मॅक्रो आज चुकतो आणि वापरणारा बुचकळ्यात पडतो. यावर उपाय एकच, प्रत्येक वेळी अटी आज्ञेतच स्पष्ट लिहाव्यात. 'फाइंड नेक्स्ट' यादी संपताच पुन्हा वरून सुरुवात करते. म्हणून पहिल्या सापडलेल्या चौकटीचा पत्ता जपून ठेवावा आणि तो पुन्हा आला की थांबावे. अन्यथा फेऱ्या संपतच नाहीत.

चूक झाकू नका

नोंद न मिळाल्यास 'फाइंड' 'नथिंग' हे उत्तर देते. ते न तपासता ओळीचा क्रमांक मागितला, की त्रुटी क्रमांक ९१ येते. अनेक जण तेथे 'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट' लिहून मोकळे होतात. खरा घात येथेच होतो. न सापडलेल्या नोंदीच्या वेळी ओळीचा जुनाच क्रमांक कायम राहतो आणि आधीच्या व्यक्तीची रक्कम पुढच्या व्यक्तीच्या नावावर चढते. पडद्यावर मात्र सारे सुरळीत दिसते. त्यामुळे आधी 'नथिंग' आहे का ते पाहावे आणि न सापडलेल्या नोंदींची वेगळी यादी करावी.

दोष शोधताना एफ ९ ने संशयास्पद ओळीवर थांबा घालावा आणि एफ ८ ने एकेक ओळ चालवून चलांच्या किमती पाहाव्यात. चाचणीसाठी हजारो ओळींची गरज नाही. हमखास असलेली, हमखास नसलेली आणि दोनदा आलेली अशा तीन नोंदी पुरतात. शेवटी सापडलेल्या आणि न सापडलेल्या नोंदींची बेरीज मूळ यादीच्या संख्येशी ताडून पाहावी. हा ताळा जमल्याखेरीज मॅक्रोच्या उत्तरावर कोणाचाही पगार वा निकाल सोपवू नये.