मोटारीच्या मागच्या पाट्यांचे बुश : आवाज लहान, धोका मोठा



बैलगाडी कुरकुरू लागली की आपण वाट पाहत नाही, लगेच वंगण घालतो. दारातल्या जुन्या मोटारीच्या बाबतीत मात्र आपले कान बहिरे होतात. माधवनगरहून बुधगावकडे निघालात, चाक खड्ड्यात गेले आणि मागून 'ठक्' असा आवाज आला, तर 'जुनी गाडी, वाजायचीच' म्हणून सोडून देऊ नका. पुष्कळदा तो आवाज मागच्या पाट्यांच्या झिजलेल्या बुशचा असतो.

बुश काय काम करतो?

ॲम्बॅसडर, पद्मिनी किंवा जुनी जीप यांची मागची चाके पोलादी पाट्यांवर तोललेली असतात. पाट्याचे पुढचे टोक चासीला बोल्टने जोडलेले असते, मागचे टोक झुलत्या शॅकलला. वजन पडले की पाटा सरळ होऊन लांबतो आणि शॅकल त्याला वाट करून देते. या प्रत्येक सांध्यात बोल्टभोवती बुश असतो. मोटारीत तो बहुधा रबराचा. वयाने आणि गळक्या तेलाने रबर तडकते, भोक लांबट होते आणि लोखंडावर लोखंड आपटू लागते.

मग मागची चाके जागेवरून किंचित सरकतात. गाडी वळणावर झुलते, ब्रेक दाबल्यावर एका अंगाला ओढते, टायर एकीकडेच झिजतो. मी स्वतः या आवाजासाठी आधी शॉकॲब्सॉर्बर बदलले, मग टायर. आवाज तसाच राहिला. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी खाली वाकून पाहिले आणि शॅकलचा बुश दाखवला. मूठभर रबरापायी मी मोठा खर्च करून बसलो होतो.

घरच्या घरी तपासणी

गाडी सपाट जागी उभी करा. एकाने ब्रेक दाबून धरावा, दुसऱ्याने गाडी पुढे-मागे हलवावी आणि तिसऱ्याने बाजूला बसून पाट्याच्या टोकांकडे पाहावे. बोल्ट भोकात हलताना दिसला किंवा रबर एका बाजूला बाहेर आलेले दिसले, तर बुश गेला.

दुसरी खूण सुतळीची. स्टिअरिंग सरळ ठेवून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. फरक डोळ्यांत भरण्याइतका असेल, तर मिस्त्रीला दाखवा. पाट्याचा मधला बोल्ट तुटल्याने किंवा यू-बोल्ट ढिले झाल्यानेही असे होते.

बदलताना लक्षात ठेवा

१. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका. पुढच्या चाकांना दगड लावा आणि चासीखाली भक्कम घोडी द्या.

२. ॲम्बॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. म्हणून दुकानात जुना बुश नमुन्याला न्या. जुन्या टायरचे रबर कातरून बसवलेला बुश फार दिवस टिकत नाही.

३. दोन्ही बाजूंचे बुश एकदम बदला. बोल्ट झिजला असेल तर तोही.

४. रबरी बुशला ग्रीस किंवा तेल लावू नका, रबर फुगून मऊ पडते. बसवताना साबणाचे पाणी पुरते. जुन्या जीपमध्ये ग्रीसचे निपल असेल, तर तेथे मात्र नेमाने ग्रीस भरा.

५. चाके जमिनीवर टेकून गाडीचे वजन पाट्यांवर आल्यावरच बोल्ट पक्के आवळा. गाडी उचललेली असताना आवळले, तर नवे रबर पिळले जाऊन लवकर फाटते. थोडे दिवस गाडी चालवून बोल्ट पुन्हा तपासा.

ओझ्याचा हिशेब

युरियाचे पोते आता ४५ किलोचे येते. दहा पोती टाकली की साडेचार क्विंटल झाले, वर माणसे वेगळीच! पाच माणसांसाठी केलेली मोटार ही मालगाडी नव्हे. खते, हळद टेम्पोने न्या.

भगिनींनो, मागच्या बाकावर बहुधा तुम्ही आणि मुलेच बसता. हा आवाज चालवणाऱ्याच्या आधी तुमच्या कानी पडतो. तेव्हा गप्प बसू नका, त्याच दिवशी सांगा. रात्री-अपरात्री बाळंतिणीला घेऊन सांगलीला धावावे लागते, तेव्हा हीच गाडी उपयोगी पडायची आहे.