खुबा मोडला, तर एकटा हाडांचा डॉक्टर पुरत नाही

पहाटे बाथरूमला जाताना आजींचा पाय घसरतो. पडणे साधेच असते; पण त्यांना उठता येत नाही, एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसतो. बहुधा खुब्याचे हाड मोडलेले असते. अशा वेळी घरात कोणीतरी हमखास म्हणते, ‘या वयात ऑपरेशन कशाला? पडून राहू दे, हाड जुळेल.’

धोका इथेच आहे. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना न्यूमोनिया होतो, पायात रक्ताच्या गाठी होतात, पाठीला जखमा पडतात. जगभरातील नोंदींनुसार खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी चार-पाच जणांमागे एक जण वर्षभरात दगावतो. त्यामागे मोडलेल्या हाडाइतकेच हृदय, फुप्फुसे, मूत्रपिंडे आणि खालावलेले पोषण यांचाही हात असतो.

म्हणूनच पहिल्या दिवसापासून हाडांचे डॉक्टर आणि वृद्धरोगतज्ज्ञ यांनी मिळून उपचार करण्याची पद्धत रूढ झाली. इंग्लंडमधील हेस्टिंग्ज येथे मायकेल डेव्हस आणि बॉबी आयर्विन यांनी गेल्या शतकाच्या मध्यानंतर तिचा पाया घातला. पुढे २०१० पासून तिथे ३६ तासांत शस्त्रक्रिया आणि ७२ तासांत वृद्धरोगतज्ज्ञांची तपासणी अशा अटी पाळणाऱ्या रुग्णालयांना वाढीव पैसे मिळू लागले. तिथे २००७ मध्ये शंभरातील सुमारे अकरा रुग्ण महिनाभरात दगावत. २०११ पर्यंत हे प्रमाण साडेआठवर आले. नॉर्वेतील ट्रॉण्डहाइम येथे ३९७ रुग्णांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. वृद्धरोग विभागात सर्वांगीण उपचार मिळालेले रुग्ण चार महिन्यांनी इतरांपेक्षा चांगले चालत होते.

बदलापूर-बेलवलीत वृद्धरोगतज्ज्ञ हाताशी नसेल, तर अनुभवी फिजिशियन ती जबाबदारी घेऊ शकतो. हाडांचे डॉक्टर, फिजिशियन, भूलतज्ज्ञ, परिचारिका आणि फिजिओथेरपिस्ट यांनी एकमेकांशी बोलून उपचार ठरवणे महत्त्वाचे.

नातेवाइकांनी काय करावे?

• रुग्णाला ओढून उभे करू नका. पाय हलू न देता १०८ ची रुग्णवाहिका बोलवा.

• चालू औषधांच्या पट्ट्या सोबत घ्या. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल, तर आधी तेच सांगा.

• अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण अशी रुग्णालये पालथी घालण्यापूर्वी फोन करून विचारा: शस्त्रक्रिया कधी होईल? फिजिशियन रोज पाहतील का? दुसऱ्या दिवशी उभे करतील का?

• वय सत्तर किंवा अधिक असल्यास आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवा. योजनेतील रुग्णालयांत वर्षाला कुटुंबामागे पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत मिळतात.

• शस्त्रक्रियेनंतर रुग्ण अचानक असंबद्ध बोलू लागला, तर ‘वयामुळे असेल’ म्हणून सोडून देऊ नका. जंतुसंसर्ग, वेदना, औषधे किंवा शरीरातील पाणी कमी होणे ही कारणे असू शकतात. डॉक्टरांना लगेच सांगा. चष्मा आणि श्रवणयंत्र जवळ ठेवा; ओळखीचा माणूस सोबत असू द्या.

घरी सोडताना हाडांच्या ठिसूळपणावरील औषधाबद्दल नक्की विचारा. एकदा हाड मोडलेल्यांना पुन्हा फ्रॅक्चर होण्याचा धोका जास्त असतो. बाथरूममध्ये धरायला दांडा आणि रात्री मंद दिवा, एवढी सोय तर आजच करता येईल.