आधी जुने सॉफ्टवेअर काढा, मगच नवे बसवा

उल्हासनगरात जीन्स शिवून देणाऱ्या एका कारखानदार बंधूंकडे आम्ही रमजानच्या अखेरच्या दिवसांत गेलो होतो. कारागीर मजुरीसाठी दारात उभे होते आणि मालक संगणकासमोर डोक्याला हात लावून बसले होते. महिनाभरापूर्वी त्यांनी हिशोबाच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घेतली होती. बसवायला आलेल्या मुलाने जुनी तशीच ठेवून शेजारी नवी बसवून दिली. पडद्यावर दोन चित्रे दिसू लागली. मुनीमजी सवयीने जुन्यात नोंदी करत राहिले, मुलगा नव्यात. कोणी किती नग शिवले, कोणाला किती उचल दिली, हे अर्धे इकडे आणि अर्धे तिकडे. घाम सुकण्याआधी मजुरी देण्याची शिकवण आपल्याला प्रेषितांनी (स.) दिली. इथे तर ईद तोंडावर आली तरी मजुरीचा आकडाच ठरत नव्हता. शेवटी कारागिरांच्या खिशातल्या वह्या मागवून दोन रात्री जागून हिशोब जुळवावा लागला.

या भागातल्या माणसाला बारवी धरणाचा दाखला चटकन पटेल. एमआयडीसीच्या या धरणाची उंची ६८.६० मीटरवरून ७२.६० मीटर करण्यात आली. पण भिंत उंच झाली म्हणून लगेच पाणी चढवता आले नाही. बुडीत क्षेत्रातल्या कुटुंबांच्या पुनर्वसनाचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळला होता. वाढीव उंचीपर्यंत धरण भरले ते २०१९च्या पावसाळ्यात. म्हणजे क्रम असा : जे जपायचे ते आधी सुरक्षित हलवा, जागा मोकळी करा, मग नवे पाणी घ्या. संगणकाचेही तसेच आहे. जपायचा असतो तो आपला हिशोब. सॉफ्टवेअर हे केवळ तो लिहिण्याचे साधन.

पुष्कळ बंधू पडद्यावरचे चित्र पुसतात आणि सॉफ्टवेअर गेले असे समजतात. चित्र म्हणजे दुकानावरची पाटी. पाटी उतरवली म्हणून दुकान रिकामे होत नाही. काहीजण त्याचा फोल्डरच पुसून टाकतात. तेही अपुरे आहे. सॉफ्टवेअर बसते तेव्हा ते आपल्या फाइली अनेक ठिकाणी ठेवते, विंडोजच्या नोंदवहीत (रजिस्ट्रीत) नाव लिहिते आणि काही वेळा संगणक सुरू होताच आपोआप चालू होणारे भागही टाकते. हे उरलेले भाग नव्या आवृत्तीच्या वाटेत येतात. मग नवी आवृत्ती अर्धवट बसते, संगणक मंद होतो किंवा जुनीच फाइल उघडते.

व्हायरसविरोधी सॉफ्टवेअरमध्ये हा त्रास सर्वांत जास्त होतो. एका संगणकात असे दोन पहारेकरी बसवले, तर दोघेही प्रत्येक फाइल तपासू लागतात आणि एकमेकांवरच संशय घेतात. म्हणून अनेक कंपन्या आपले जुने सॉफ्टवेअर मुळापासून काढण्याचे वेगळे साधनही देतात.

जुने पडून राहू देण्यात सुरक्षेचाही धोका आहे. मे २०१७मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभरातल्या संगणकांवरच्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती, ते सापडले. ‘फ्लॅश प्लेअर’ तर ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद झाले आणि ते काढून टाका, असे खुद्द अडोबी कंपनीनेच ग्राहकांना सांगितले. विंडोज १०चा नियमित आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे नवी यंत्रणा बसवण्याची वेळ अनेक दुकानांवर आली आहे.

व्यापारी व कारागीर बंधूंनी हे काम पुढील क्रमाने करावे.

प्रथम हिशोबाची प्रत (बॅकअप) दोन ठिकाणी घ्यावी. एक प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी आणि दुसरी दुकानाबाहेर, घरी किंवा इंटरनेटवरच्या साठ्यात ठेवावी. २६ जुलै २००५ आणि २७ जुलै २०१९ची उल्हास नदीची पुरे आपण पाहिली आहेत. तळमजल्यावरचा संगणक आणि त्याच्या खणातला पेनड्राइव्ह एकाच पाण्यात जातो. घेतलेली प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडणारी प्रत ही प्रत नव्हे.

दुसरे, येणे, देणे, शिल्लक माल आणि रोकड यांचे अखेरचे आकडे कागदावर छापून घ्यावेत. नवे बसल्यावर हेच आकडे जुळले पाहिजेत.

तिसरे, परवान्याचा क्रमांक व बिल जपावे. टॅलीसारख्या सॉफ्टवेअरचा परवाना दुसऱ्या संगणकावर न्यायचा असेल, तर जुन्या संगणकावरून तो आधी परत (सरेंडर) करावा लागतो. हे विसरून संगणक पुसला, की धावपळ होते.

चौथे, सॉफ्टवेअर बंद करून विंडोजच्या सेटिंग्जमधील ‘अॅप्स’ किंवा कंट्रोल पॅनेलमधून ते ‘अनइन्स्टॉल’ करावे. आधीचा हिशोब ठेवायचा का, असे विचारले तर घाईने ‘नाही’ म्हणू नये. नंतर संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा. रजिस्ट्रीत स्वतः हात घालू नये, ते काम जाणकाराचे.

पाचवे, नवी आवृत्ती कंपनीच्याच ठिकाणाहून घ्यावी. गल्लीत फुकट मिळणाऱ्या चोरीच्या प्रतीत अनेकदा व्हायरस असतो आणि दुसऱ्याची मेहनत चोरून मिळवलेल्या साधनावर बरकत कशी येणार?

प्रत्येक सॉफ्टवेअर काढावेच लागते असेही नाही. काही जुन्यावरच व्यवस्थित बसतात, म्हणून कंपनीची सूचना आधी वाचावी. हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये आकडे जुळेपर्यंत जुने ठेवायचे असेल, तर ते दुसऱ्या संगणकावर आणि फक्त पाहण्यापुरते ठेवावे. नवी नोंद एकाच जागी व्हावी. नव्या आवृत्तीत नेलेला हिशोब पुष्कळदा जुन्या आवृत्तीत परत उघडत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

ही काळजी केवळ यंत्राची नाही. जीएसटी कायद्यानुसार हिशोब त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावा लागतो. जकात काढायची तर येणे, देणे आणि माल यांचा आकडा खरा हवा. आणि सूरह अल-बकराच्या २८२व्या आयतीत मुदतीचा उधार व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे. ही नोंद कधी चोपडीत होती, आज संगणकात आहे. कारागिराची मजुरी आणि गिऱ्हाइकाची उधारी ही आपल्याकडची अमानत आहे.

उल्हासनगरच्या त्या बंधूंनी ईदनंतर प्रत घेतली, जुने मुळापासून काढले, नवे बसवले आणि छापील आकड्यांशी ताळा केला. अर्धा दिवस गेला. हाच अर्धा दिवस त्यांनी महिनाभर आधी दिला असता, तर दोन रात्री वाचल्या असत्या आणि कारागीर दारात ताटकळले नसते.