मागच्या बाकावरचे शिक्षक

डी.एड.ला सराव पाठ घेतलेल्या कुणालाही विचारा. भीती मुलांची वाटत नाही. वाटते ती वर्गात मागे पेन उघडून बसलेल्या निरीक्षकांची. टाचण तपासलं जातं, शेरा मिळतो. पुढे नोकरी लागली की वर्गाचं दार जे बंद होतं, ते साहेब आले तरच उघडतं.

जपानमधले शिक्षक हे दार एकमेकांसाठी मुद्दाम उघडतात. तिथे याला ‘जुग्यो केन्क्यू’ म्हणतात, म्हणजे पाठाचा अभ्यास. काही जण मिळून एकच पाठ आखतात, एक जण शिकवतो आणि बाकीचे वर्गात उभे राहतात. गंमत म्हणजे त्यांची नजर शिकवणाऱ्यावर नसतेच. मुलानं आधी काय लिहिलं, काय खोडलं, पेन्सिल नेमकी कुठे थबकली, हे ते टिपत असतात. फळाही तास संपेपर्यंत शक्यतो पुसत नाहीत. एकाच गणिताच्या मुलांनी शोधलेल्या चार रीती तिथे शेजारी शेजारी दिसत राहतात. मग सगळे चर्चेला बसतात आणि आधी बोलतो तो शिकवणारा. फसला असेल तर पाठ फसला, आणि पाठ तर सगळ्यांनी मिळून केलेला!

ही पद्धत अस्सल जपानी म्हणावी, तर तिची मुळं समुद्रापार सापडतात. जपानच्या जुन्या तेराकोया शाळांत एकेक मूल आपापला धडा गिरवायचं, आपल्या पंतोजींच्या शाळेसारखंच; सगळ्यांनी मिळून बघावा असा एक पाठच नसायचा. सगळ्या वर्गाला एकदम कसं शिकवायचं, हे टोकियोच्या नव्या नॉर्मल स्कूलमध्ये दाखवलं मॅरियन स्कॉट या अमेरिकन शिक्षकानं. साल १८७२. मध्ये दुभाषा, समोर उद्याचे जपानी शिक्षक. ज्या अमेरिकेतून तो आला होता, तिथे तेव्हा वस्तू हातात देऊन शिकवायच्या विचाराची चलती होती, आणि तो विचार होता स्वित्झर्लंडच्या पेस्तालोझीचा.

सव्वाशे वर्षांनी जपान स्वतःच देणारा झाला. १९९८ मध्ये ‘जायका’ या जपानी संस्थेच्या मदतीनं केनियात माध्यमिक शाळांतल्या गणित-विज्ञानाच्या शिक्षकांचं प्रशिक्षण सुरू झालं. नाव ‘स्मासे’. खडू आणि भाषण यांच्यापलीकडे जायचं, मुलांच्या हातून प्रयोग करून घ्यायचे आणि साहित्य नसेल तर जे मिळेल त्यातून ते उभं करायचं, हा त्याचा गाभा. मला यातली सर्वांत मोलाची वाटते ती पैशांची व्यवस्था. जिल्ह्यातल्या प्रशिक्षणाचा खर्च बराचसा केनियातल्या पालकांनी भरलेल्या फीमधून निघे. पाहुण्यांच्या पैशावर उभं राहिलेलं प्रशिक्षण पाहुणे गेले की आटोपतं. इथे घरचे पैसे घातलेले होते.

पुढे केनिया इतर आफ्रिकी देशांच्या शिक्षकांना नैरोबीत बोलावून शिकवू लागला. झांबियाचे शिक्षकही त्यात होते. त्या देशानं २००५ पासून आपल्या मध्य प्रांतात जपानी पाठ-अभ्यास सुरू केला आणि नंतर तो इतर प्रांतांत नेला. वरून खाली झिरपणाऱ्या प्रशिक्षणात राजधानीत सांगितलेलं गावच्या शाळेपर्यंत पोचेतो पाणचट होतं, हा अनुभव आपल्यालाही नवा नाही. झांबियात मात्र शिक्षकांचा गट आपल्याच शाळेतली अडचण निवडतो, पाठ आखतो, घेतो, चर्चा करतो, सुधारतो आणि तोच पाठ पुन्हा घेऊन बघतो.

स्वित्झर्लंड, अमेरिका, टोकियो, नैरोबी, झांबिया. एवढा प्रवास केला कशानं, तर मूल नेमकं कसं शिकतं हे बघण्याच्या सवयीनं. जहाजातून न्यावं असं यात काहीच नव्हतं.

तुम्ही शिक्षक असाल तर उद्या शेजारच्या वर्गातल्या बाईंना विचारून त्यांच्या एका तासाला बसा. बाईंकडे बघू नका. जवळच्या एखाद्या मुलाची पेन्सिल कुठे थांबते, तेवढं टिपून आणा.