सोलापूरच्या विणकरांचा मौखिक इतिहास कसा नोंदवायचा?

तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांमुळे सोलापूरचा पूर्व भाग वाढला. गिरण्यांचे आकडे कागदोपत्री सापडतात; पण गाव का सोडलं, पहिला माग कुणाच्या पैशाने घेतला, हे घरातल्या म्हाताऱ्यांनाच ठाऊक. १९३० च्या मार्शल लॉबद्दल आज ऐकायला मिळतं ते बहुतेक आईवडिलांकडून ऐकलेलं. नोंदीत तसं स्पष्ट लिहावं. आजी तेलुगूत बोलत असेल तर तेलुगूतच रेकॉर्ड करा, मराठी नंतर. साल आठवत नसेल तर ‘७२ च्या दुष्काळाआधी की नंतर?’ असं विचारा. विड्या वळणाऱ्या बायकांशी शक्यतो एकटीशी बोला, नाहीतर उत्तरं घरातले पुरुषच देतात! आधी संमती घ्या, आणि रेकॉर्डिंगची एक प्रत त्या घरी द्या.